१५ पेशी मोजल्या, पुढे काय?

नमस्कार मंडळी. "तुकडा काढून तपासायला पाठवलाय" असं घरात कुणी म्हटलं की सगळ्यांच्या मनात एकच शब्द येतो, कॅन्सर, फक्त बोलत कुणी नाही. ते तुकडे तपासणं हेच माझं काम, मी पॅथॉलॉजिस्ट. पण आज कॅन्सरवर बोलायचं नाहीये, एका गुलाबी पेशीवर बोलायचंय जिने माझं डोकं त्याहून जास्त खाल्लंय.

तिचं नाव इओसिनोफिल, रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एक. ब्लड रिपोर्टमध्ये वाचलं असेल, दमा-ॲलर्जीवाल्यांना तर पाठच असतं. १८७९ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिक ह्या शास्त्रज्ञांनी रक्त रंगवून बघितलं, तर ह्या पेशीतले दाणे इओसिन नावाचा रंग गटागट पितात असं दिसलं, म्हणून हे नाव. मायक्रोस्कोपखाली दिसते पण झकास, मधे गॉगलसारखा दोन काचांचा निळा केंद्रक आणि भोवती लालबुंद दाणे, नवीन स्टुडंटही दोन दिवसात ओळखायला लागतो.

ओळखण्यात अडत नाहीच काही. अडतं ते ह्या पेशी तिथे का आल्यात हे सांगताना. अन्ननलिकेपासून मोठ्या आतड्यापर्यंत कुठेही ह्यांनी गर्दी केली की घास अडकतो, पोट दुखतं, उलट्या, जुलाब, जिथे गर्दी तसा त्रास. दुसरं काही कारण नसताना अशी गर्दी झाली तर तो पचनमार्गाचा इओसिनोफिलिक आजार, आज बोलायचंय ते ह्याच्याबद्दल. पण बाकी पोटात ह्या पेशी मुळात राहायलाच असतात हो! वॉचमन गेटवर दिसला तर कुणी दचकत नाही, बेडरूममध्ये दिसला तर? अन्ननलिका म्हणजे बेडरूम, तिथे एरवी एकही नसते, म्हणून मोठ्या भिंगाच्या एका फील्डमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या गोलात, १५ भरल्या की आम्ही सावध होतो. जठरात साधारण ३० ची रेघ धरतात. आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला तर धडधाकट माणसातही इतक्या असतात की तिथे १०० च्या पुढे गेल्याशिवाय बरेच जण तोंड उघडत नाहीत. म्हणजे तुकडा नेमका कुठला हे बाटलीवर लिहिलं नसेल तर माझा आकडा शून्य कामाचा, आणि फॉर्मवर काय लिहून येतं माहितीये? "पोटदुखी." बास, एवढंच. वय कधीकधी असतं.

बरं ते फील्ड तरी सगळीकडे सारखं असावं ना, तेही नाही. एका मायक्रोस्कोपच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, २० आकडा असतो, शेजारच्यावर २२, ह्या दुसऱ्यात जवळपास एकपंचमांश जागा जास्त दिसते, म्हणजे तीच स्लाइड, एकात १३ आणि दुसऱ्यात १५-१६. पेशंट तोच, आजार मात्र टेबल बदलल्यावर आला!

त्यात हा आजार ठिपक्याठिपक्यांनी असतो. इथे गर्दी, बोटभर खाली शुकशुकाट. एंडोस्कोपीच्या दुर्बिणीतून अस्तर अगदी नॉर्मल दिसू शकतं आणि तुकडा तर तांदळाच्या कणीएवढा. म्हणून अन्ननलिकेतून वरून-खालून मिळून निदान ६ तुकडे घ्यावेत म्हणतात. मला कित्येकदा दोन येतात, त्यातला एक चिमट्यात चिरडलेला.

आणि कधी तुकडे कितीही घ्या, उपयोग नसतो. १९७० मध्ये क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या आजाराचे थर सांगितले, अस्तरातला, स्नायूतला आणि बाहेरच्या आवरणातला. एंडोस्कोपीचा चिमटा खरवडतो वरचं अस्तर, स्नायूपर्यंत तो पोचतच नाही. आवरणाच्या प्रकारात पोटात पाणी होतं, तेव्हा ते पाणी काढून तपासलं तर त्यात ह्या पेशी पोत्याने सापडतात आणि बायॉप्सी, म्हणजे काढलेला तुकडा, मात्र स्वच्छ.

आता आपल्याकडचा खास भाग, जंत. अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाच्या आतड्यात ह्या पेशी वाढल्या तर मी आधी जंत शोधणार, ॲलर्जीचा आजार नंतर. हुकवर्म, स्ट्राँगिलॉइडिस, हे सगळे इओसिनोफिल गोळा करतात. एकदा एका बायॉप्सीत पेशी भरपूर, जंत काही दिसेना, मन मानेना म्हणून तुकडा ज्यात बसवलेला असतो त्या मेणाच्या ब्लॉकमधून अजून खोलवरचे काप काढायला लावले, आणि आठव्या-नवव्या कापात ग्रंथीच्या खळग्यात वळसा घालून बसलेली अळी, स्ट्राँगिलॉइडिस. लगेच डॉक्टरांना फोन केला, कारण इओसिनोफिलिक आजारावर स्टेरॉइड देतात, आणि स्ट्राँगिलॉइडिस असताना स्टेरॉइड दिलं तर ती अळी अंगभर पसरते, माणूस जाऊ शकतो. काही औषधांनीही पेशी वाढतात, आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन्ससारख्या आजारातही वाढतात, म्हणून आमच्या रिपोर्टच्या शेवटी "क्लिनिकली कोरिलेट करा", म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा, असं असतं, लोकांना वाटतं पॅथॉलॉजिस्ट अंग काढून घेतोय. कधीकधी घेतोही, खोटं कशाला बोलू.

तर तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. एंडोस्कोपीच्या आधी कुणाकडून स्टेरॉइड घेतलं असेल, दम्यासाठी का असेना, किंवा ॲसिडिटीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा, त्याने पेशी गायब होतात आणि मी "नॉर्मल" लिहून मोकळा होतो. परस्पर गोळ्या बंद मात्र करू नका. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, त्या ब्लॉकमधून अजून काप निघतात.