आधी दाखवा, मग काढा

अध्यक्षमहाराज, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि पहिल्या दोन रांगा मोकळ्या सोडून मागं जाऊन बसलेले तुम्ही सगळे, नमस्कार. दातांच्या डॉक्टरपासून माणसं लांबच बसतात, मला सवय आहे.

पत्रिकेवर छापलंय ‘आधुनिक तंत्रज्ञान आणि दंतोपचार’. मला विचाराल तर आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे खुर्चीशेजारचा पडदा. पेनाएवढा कॅमेरा तोंडात जातो आणि पेशंटला स्वतःची दाढ ताटलीएवढी दिसते. रोज घासतो आपण तिला, पण बघितलीय कुणी?

निपाणीकडच्या एक आजी माझ्याकडं आल्या होत्या. तंबाखूचा मुलूख, तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली मिश्री उभा जन्म लावलेली. दाढ ठणकत होती. मी म्हटलं, “आजी, काढावी लागेल.” म्हणाल्या, “काढू नको रं बाबा, वरची दाढ काढली की नजर जाते. तू किडा तेवढा काढ.” बाजारात एकानं आधी धुरी दिली होती. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना माहीत आहे: निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायच्या, नळीनं धूर तोंडात घ्यायचा, लाळ खालच्या पाण्यात पाडायची. पाण्यात पांढरे बारीक किडे तरंगतात. आजींनी सात मोजले होते. दाढ मात्र ठणकतच होती, म्हणजे आठवा आत राहिला असणार!

त्यांना हसू नका. आपणच म्हणतो की दाताला कीड लागली. भाषेनंच किडा आत घालून ठेवलाय, त्यांनी तो फक्त मोजला. मी हट्टानं घरी तीच धुरी करून बघितली, कुणाचंही तोंड मध्ये न घेता. तरी पाण्यात किडे! तापलेलं बी फुटून आतला कोंब बाहेर पडतो, दुसरं काही नाही. बायको म्हणाली, एवढं शिकून हेच करायचं होतं का?

मग आजींना पडदा दाखवला. दाढेच्या मधोमध काळा खड्डा, कडेला मिश्रीचा थर. बराच वेळ बघत राहिल्या. “ही माझी?” म्हटलं, तुमचीच. “आणि किडा?” म्हटलं, किडा नसतो. जिवाणू गोडाधोडाचं आम्ल करतात, त्या आम्लानं दात विरघळतो. नजरेची नस वेगळी, दाढेची वेगळी, हेही चित्र काढून सांगितलं. आजी म्हणाल्या, “मग त्या बाजारातल्याला हा टीव्ही दाखव की आधी!” आणि आ करून बसल्या.

आपल्या भागात याचा आणखी एक फायदा आहे. एक पेशंट ‘दाढ दुखायलीय’ म्हणतो, दुसरा कन्नडमध्ये ‘हल्लु नोवु’ म्हणतो, संमतीचा फॉर्म इंग्रजीत. पडद्यावरच्या खड्ड्याला भाषा लागत नाही. बेळगावात पाटी न लावता चालणारी एवढी एकच गोष्ट असेल. (हशा)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मूळ विषय आत्ता सुरू होतोय!

तर भराभर. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. पुढच्याच जानेवारीत जर्मनीत वाल्कहॉफनं स्वतःच्या दातांचा फोटो काढला, त्यासाठी 25 मिनिटं हलायचं नाही. आज क्षणभर बटण दाबायचं. आरव्हीजी म्हणतात ते दातांचं डिजिटल क्ष-किरण यंत्र 1987 च्या सुमाराला फ्रान्समधून आलं. फिल्म धुवायची नाही, किरणंही कमी लागतात, दोन दातांच्या फटीतली कीड लगेच पडद्यावर. बघा, मीही कीडच म्हणालो.

ज्या आवाजाला तुम्ही भिता तो दात कोरायचा एअरोटर 1957 पासूनचा, मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेऱ्या. आवाज वाईट, पण आधीच्या संथ यंत्रांनी कवटी हादरायची. रूट कॅनालमध्ये मुळाची लांबी आता एपेक्स लोकेटर विजेच्या रोधावरून सांगतो, आणि मूळ आतून साफ करायच्या निकेल-टिटॅनियमच्या फाइल, म्हणजे बारीक कानशी, वाकड्या मुळातही वळतात. म्हणून पूर्वी चार-पाच खेपा लागायच्या तिथं बऱ्याचदा एक-दोनच. मापासाठी तोंडात भरायचा तो लगदा, उलटी आणणारा, त्याच्या जागी स्कॅनर येतोय. इम्प्लांटचं, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाचं, टिटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्कनी सशाच्या हाडात बघितलं आणि 1965 मध्ये माणसाला बसवलं. जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, सीबीसीटी, त्यानं नस कुठून जाते ते आधीच कळतं...

दुसरी चिठ्ठी. खर्चाचं राहिलंच, ते बहुतेक अध्यक्षांना नको असावं. विचारायचं असेल तर खाली चहापाशी भेटा. फक्त तिथं आ करून दाखवू नका, मी टॉर्च आणलेला नाही.