साताऱ्यातले टिळक आणि त्यांचे अपुरे काम

मंडळी, रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यात आले, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. कवी म्हणून नाव झालेले, ख्रिस्ती समाजात मान मिळालेला, अहमदनगरला बस्तान बसलेले. अशा वयात माणूस सहसा आहे ते सांभाळतो. टिळकांनी मात्र मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबरचा पगार सोडला आणि या गावात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना त्यात जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्तावर प्रेम असणे एवढे पुरेसे होते.

या पावलाचे मूळ बरेच मागे सापडते. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि पलीकडे पोचल्यावर त्यांनी तो पूल तोडला नाही. अभंग, ओवी, भजन, कीर्तन ही आपली चाल त्यांनी उपासनेत आणली. आज रविवारी आपण त्यांची गीते इतक्या सवयीने म्हणतो की त्यांत एकेकाळी काही नवे होते याचा आपल्याला विसर पडतो. हा दोष माझ्याकडेही आहे.

दरबाराला काळ मात्र थोडाच मिळाला. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. काही जण याला अपयश म्हणतील. मला तसे वाटत नाही, कारण पूर्वसूरींकडे पाहताना त्यांनी किती तडीस नेले याहून त्यांनी कशाला हात घातला, आणि पुढे तो भार कोणी उचलला, हे मला अधिक शिकवते.

शेजारच्या मिरजेचे उदाहरण घ्या. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या देशात आले, १८९४ साली मिरजेला त्यांचे रुग्णालय उभे राहिले, आणि शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसे तेथे येऊ लागली. त्यांच्या कौशल्याविषयी पुष्कळ बोलले जाते. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की त्यांनी इथल्या तरुणांना वैद्यकी शिकवली, म्हणजे आपल्यावाचून चालावे अशी सोय स्वतःच केली. सांगली-मिरज रस्त्याने जाणाऱ्याला वानलेसवाडी हे नाव माहीत असते, नावामागचा माणूस क्वचितच.

पुन्हा टिळकांकडे येतो. त्यांना देव्हाऱ्यात बसवायचे असेल, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलेल्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, आड येतात, आणि येतात हे बरे आहे. तऱ्हेवाईक, संतापी, घरात उद्याची सोय नसताना हातचे देऊन टाकणारा हा नवरा त्यांनी हसतहसत आणि काही न लपवता उभा केला. त्याच्या धर्मांतराने त्या वर्षानुवर्षे होरपळल्या, सोवळ्याओवळ्याशी झगडल्या आणि अखेर आपल्या बुद्धीने, आपल्या वेळी ख्रिस्ती झाल्या. असा माणूस, आणि अशी बाई, आपल्या आवाक्यातली वाटतात.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्यही अपुरेच राहिले होते. ज्यांना शाळा ठाऊक नव्हती आणि लिहिणे-वाचणे ज्या लग्नानंतर शिकल्या, त्या लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या पश्चात ते पुढे लिहायला घेतले आणि ओवी ओवी करून पुरे केले.