काठीचा तोल: ध्वज पथकाची नवी काठी तपासताना

(दृश्य: मैदानाच्या कडेला शहाबादी फरशी. तिच्यावर शेजारी शेजारी चार काठ्या: एक बांबू, एक पीव्हीसी, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या.)

बेळगावात शिवजयंती तिथीने होते, वैशाख शुद्ध द्वितीयेला. त्यानंतरची चित्ररथ मिरवणूक आणि भाद्रपदातलं विसर्जन, ध्वज पथकाचा कस लागतो तो या दोन रात्रींत. ढोल-ताशाच्या पुढे ध्वज नाचवण्याची रीत इथे मुरलेली आहे. अलीकडे पोरापोरींना त्यापुढचं हवं आहे: काठी दोन्ही हातांतून गरगर फिरवायची, हवेत उडवायची, ठेक्यावर झेलायची. अमेरिकेत याला कलर गार्ड म्हणतात. बँडबरोबर मैदानात आणि हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात त्याच्या स्पर्धा होतात. विंटर गार्ड इंटरनॅशनल ही स्पर्धा घेणारी संस्था १९७७ पासून आहे. त्यांच्याकडे फिरवायची साधनं तीन: ध्वज, लाकडी बंदूक आणि बोथट तलवार. बंदूक आपल्या मिरवणुकीत आणूच नये. लांबून ती खरी दिसते आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला जवळ येऊन खात्री करायला सवड नसते. तलवारीला आपल्याकडे दांडपट्टा आहेच. तेव्हा विषय ध्वजाच्या काठीचा.

(दृश्य: फरशीवर काठी घरंगळते आहे.)

काठी हातात घेण्याआधी ती जमिनीवर घरंगळवून बघा. सरळ काठी एका चालीत जाते. वाकडी काठी थांबत-उसळत जाते आणि दर वेळी त्याच अंगावर येऊन टेकते. बांबूत हे हमखास दिसतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात बांबूला तोटा नाही, पण फिरवायला भरीव बांबूच हवा, आणि बुडख्या-शेंड्याच्या जाडीत फार फरक नको. पोकळ बांबू दोन-चार वेळा फरशीवर आपटला की उभा चिरतो. चिरलेली काठी बोटांतून सरकली की कूस तळहातात. पेरं कानशीने घासून सपाट केल्याशिवाय बांबू मुलांच्या हातात देऊ नका.

पीव्हीसीची नळी स्वस्त आणि हलकी. वायरिंगच्या दुकानात २५ एमएमची मिळते. नवशिक्या मुलांनी मार खाऊ नये म्हणून ती बरी; त्यापलीकडे तिचा उपयोग नाही. सारख्या मापाच्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ती वीसएक पट लवते. फेरा थांबवला तरी टोक डुलत राहतं, आणि दहा जणांची दहा टोकं डुलायला लागली की रांग रांग राहत नाही.

उरतं अ‍ॅल्युमिनियम. शहरालगत हिंडाल्कोचा कारखाना आहे खरा, पण तिथे अ‍ॅल्युमिना म्हणजे पांढरी पूड तयार होते, नळी नाही. नळी घ्यायची ती दुकानातून, आणि इथेच पहिली गफलत होते. पडद्याच्या दांड्याची नळी दिसायला चकचकीत, भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटर. पहिल्यांदा निसटून पडली की पोचा येतो आणि दुसऱ्यांदा ती त्याच पोच्यावर मोडते. मागायचं माप असं: बाहेरून १ इंच, भिंत १.६ एमएम, लांबी ६ फूट. ही नळी साधारण ५९० ग्रॅम भरते. ४५० भरली तर भिंत १.२ची आहे, दुकानदार काहीही सांगो. काट्यावर टाकल्याशिवाय पैसे देऊ नका.

(दृश्य: नळी हॅकसॉने कापताना. कापलेल्या तोंडाचा जवळून फोटो.)

लहान मुलांसाठी काठी ५ फुटांची करावी. फूटभर कापल्याने वजन सहाव्या हिश्शाने कमी होतं. फिरवताना जाणवणारा जडपणा मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त उतरतो, कारण तो लांबीच्या घनाप्रमाणे बदलतो. म्हणून मनगट दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला पातळ नळी देण्यापेक्षा आखूड नळी द्यावी. कापल्यावर तोंडाची धार आतून आणि बाहेरून कानशीने मोडायची. ती राहिली तर ध्वजाचा नेफा, म्हणजे काठी ओवायची शिवलेली पट्टी, आतून कातरत जातो आणि दोष शिंप्यावर येतो.

आता तोल. नुसती नळी एका बोटावर आडवी धरली की बरोबर मध्यावर, ३ फुटांवर, स्थिर राहते. तिथे खडूने खूण करा. मग ध्वज चढवा. ३ फूट नेफ्याचा आणि साडेचार फूट लांबीचा तफेट्याचा (पातळ, गुळगुळीत कापडाचा) ध्वज १०० ते ११० ग्रॅमच्या आसपास असतो. तो वरच्या अर्ध्या भागात असल्याने तोल खुणेपासून वर सरकतो. काठी फिरवणारा हात मात्र मध्यावरच असतो. मग प्रत्येक फेऱ्यात ध्वजाचं टोक खाली येताना घाईने येतं आणि वर जाताना रेंगाळतं. ‘वरचं टोक ओढायलंय’ असं मुलं म्हणतात ते हेच. फेरा बघणाऱ्यालाही तो लंगडा दिसतो.

उपाय खालच्या टोकात आहे. ध्वजाचं वजन काठीच्या मध्यापासून सरासरी दीड फुटावर असतं आणि खालचं टोक ३ फुटांवर. अंतर दुप्पट, म्हणून वजन निम्मं पुरतं: ध्वज ११० ग्रॅमचा, तर खाली ५५ ग्रॅम. १२ एमएमचा, ५० एमएम लांबीचा षटकोनी बोल्ट जवळपास तेवढाच भरतो. १.६ भिंतीच्या नळीचं आतलं तोंड २२ एमएमच्या किंचित वर असतं, त्यामुळे बोल्टचं डोकं त्यात अगदी जेमतेम बसतं. दांड्याला इन्सुलेशन टेपचे वेढे घालून तो जाड करायचा, म्हणजे आत खडखडत नाही. डोकं आधी आत जाऊ द्या.

(दृश्य: बोल्ट, लाकडी गुल्ली, छोटा स्क्रू आणि रबरी बूट ओळीने मांडलेले.)

बोल्ट घालून वर रबरी बूट, म्हणजे टोकाची टोपी, चढवला की झालं, असं समजणारे पुष्कळ. सेकंदाला दोन फेरे या वेगाने ६ फुटी काठी फिरली की टोकाचा वेग ताशी ४० किलोमीटरला पोचतो आणि ५५ ग्रॅमचा बोल्ट पाऊण किलोहून जास्त जोराने बाहेर ओढ घेतो. बूट घामाने किंवा पावसाने ओला झालेला असला तर निसटतो. त्यामागून बोल्ट, आणि समोर लेकरं खांद्यावर घेऊन उभी असलेली माणसं. तेव्हा बोल्टनंतर २ इंचांची लाकडी गुल्ली ठोकायची. उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवर ती नळीच्या मापाची उतरवून मिळेल. टोकापासून ३ सेंटिमीटरवर बाजूने एक स्क्रू घेऊन गुल्ली जखडायची. स्क्रूचं डोकं वर राहू देऊ नका, त्यावरून टेप घ्या. मग बूट. कुबडीला लावतात तसला बूट औषधांच्या मोठ्या दुकानात मिळतो. १ इंची नळीला तो घट्ट बसतो. वरच्या टोकालाही बूट हवाच, फक्त त्यात बोल्ट नको.

सराव पक्का झाल्यावर दोन्ही टोकांना आणखी ५०-५० ग्रॅम घालून बघता येतं. तोल हलत नाही. नुसत्या नळीच्या मानाने वजन सहाव्या हिश्शाने वाढतं, पण फिरण्यातला जडपणा निम्म्याने वाढतो. अशी काठी सुरू करायला जड जाते, एकदा फिरली की मात्र चालीत राहते. वैशाखातल्या वळवाच्या वाऱ्याने ध्वज धरून ठेवला तरी फेरा अडत नाही. नवशिक्याला ही काठी देऊ नये. ती चुकल्यावर लागते कोपराला किंवा नडगीला, आणि जोरात लागते.

(दृश्य: संथ गतीत फेरा. ठेका ऐकू येतो.)

तपासणी ठेक्यावरच करा. मिनिटाला १२० ठोके धरले तर साध्या फेऱ्यात एका ठोक्याला अर्धं वळण: एकावर ध्वज खाली, दोनवर पुन्हा वर. आधी ध्वज न लावता, मग ध्वज लावून, मग वाऱ्याकडे तोंड करून. ध्वज खाली असताना ठोका पुढे पळत असेल तर खालचं वजन कमी आहे. बुटाचं टोक खाली असताना पळत असेल तर जास्त आहे. दहा-पंधरा ग्रॅमचा फरक वॉशरने काढता येतो.

उडवण्याचा हिशोबही ठेक्यातच बसतो. दोन ठोक्यांत झेलायची तर काठी एक सेकंद हवेत राहणार आणि हातापासून सव्वा मीटर वर जाणार. चार ठोके म्हणाल तर दोन सेकंद, आणि उंची पाच मीटरच्या जवळ. ठोके दुप्पट, उंची चौपट. त्यात खांद्याची उंची आणि अर्धी काठी मिळवा: टोक ७ मीटरपर्यंत पोचतं. गल्लीतल्या विजेच्या तारा बहुधा त्याच्या खालीच असतात, आणि अ‍ॅल्युमिनियममधून वीज सहज वाहते. चार ठोक्यांची उडी मोकळ्या मैदानावरच. नरगुंदकर भावे चौकातून निघून रामलिंगखिंड गल्लीसारख्या चिंचोळ्या वाटेला लागल्यावर काठी हातातून सुटता कामा नये. तिथे फक्त खांद्याच्या उंचीवरचे फेरे. मिरवणुकीसाठी बांबूच्या काठ्यांचा वेगळा संच ठेवणं सगळ्यांत शहाणपणाचं, पण ओला बांबूही विजेपासून वाचवत नाही, हे मुलांना बजावून सांगा. अंतराचं गणित सोपं आहे. मध्यावर धरलेली ६ फुटी काठी ६ फुटांचं वर्तुळ घेते, चुकीला दीड फूट धरा. पंधरा फुटांच्या रुंदीत दोघंच फिरवू शकतात, तिसऱ्याने काठी उभी धरून चालावं.

हातांचंही बघायला हवं. कोऱ्या अ‍ॅल्युमिनियमने तळहात काळे होतात आणि तो काळेपणा पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो, म्हणून जिथे हात येतो तिथे टेप हवी: मध्यावर, ध्वजाच्या खालच्या कडेपाशी आणि बुटाच्या वर. सायकलच्या मुठीसारखं खरबरीत काही लावू नका. फिरवताना हात काठीवरून सरकला पाहिजे. टेप खालून वर गुंडाळा. उन्हात तिचा गोंद सुटतो आणि वरून खाली गुंडाळलेल्या टेपच्या कडा हाताने उलटतात.

कापड वडगाव-खासबागेकडे ढिगाने मिळतं, पण सुती घेऊ नका. भिजलं की त्याचं वजन दुपटीच्या पुढे जातं आणि वर केलेला सगळा तोल मोडतो. तफेटा किंवा पातळ सॅटिन बरं. दोन जिभांच्या ध्वजात फाटायला सुरुवात त्या दोन जिभांमधल्या खाचेतून होते, तिथे आतून तुकडा लावून दुहेरी शिलाई घ्या. ध्वजाचा रंग कोणता, हा या भागात मोठा विषय. काठीला त्याचं काही नाही.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी बूट काढून स्क्रू ढिले झालेत का बघा. नळीचं तोंड चपटं झालं असेल तर बूट बसत नाही, तेवढा अर्धा इंच कापून टाका आणि तोल पुन्हा घ्या. मध्यावर पोचा आलेली नळी ठोकून सरळ होते, पण ती पुन्हा उडवायची नाही, ती भंगारात. बांबूला अळशीच्या तेलाचा हात द्या आणि काठ्या आडव्याच ठेवा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या काठ्या पावसाळ्यात बाक धरतात. खाली पिवळट भुसा पडलेला दिसला तर बांबूत भुंगा आहे. ती काठी त्याच दिवशी बाकीच्या गठ्ठ्यातून बाजूला काढा.