जाधवरावांचे पाणी

(दृश्य : मोतीतलावाचा बांध, वरून)

हा मोतीतलाव. सिंदखेड राजा, जिल्हा बुलढाणा. बांधाला लागूनच मजले काढलेत. कमानी पाहा, खाली उतरणाऱ्या पायऱ्या पाहा. पाणी अडवायला नुसती भिंतही पुरली असती. जिजाऊंच्या माहेरच्या जाधवरावांनी पाणी बघत बसायचीही सोय केली!

चांदणी तलावात तर तीन मजली इमारत थेट पाण्याच्या मधोमध. आणि ही पुतळा बारव. भिंतीतली शिल्पे जरा सावकाश बघा.

हा मुलूख सीमेवरचा. इकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड घेतले, १५९६ मध्ये ते मोगलांना द्यावे लागले. त्यानंतर दोनच वर्षांत, १२ जानेवारी १५९८ ला, इथल्या जाधवरावांच्या वाड्यात जिजाऊ जन्मल्या, तेव्हा मोगलांची हद्द उंबऱ्याशी आली होती. अशा जागी देशमुखी राखायची तर फौज पोसावी लागते. फौजेला दाणा, घोड्यांना चारा, आणि सगळ्यांनाच पाणी. गड-किल्ल्यांच्या लढाया आपल्याला पाठ असतात; तलाव कोणाच्या लक्षात राहतात?

(दृश्य : लखुजीरावांची समाधी, घुमट)

२५ जुलै १६२९. दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजीराव, अचलोजी आणि राघोजी हे दोन पुत्र, नातू यशवंतराव, असे चौघे एकाच दिवशी मारले गेले. उरलेले जाधव मोगलांना जाऊन मिळाले.

२०२४ मध्ये याच समाधीच्या डागडुजीचे काम चालू असताना जमिनीत दगडी बांधकाम दिसले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणले, तर शिवमंदिराचा पाया लागला. आणखी खाली ही शेषशायी विष्णूची मूर्ती, १.७० मीटर लांब. पायाशी लक्ष्मी, पाटावर समुद्रमंथन. म्हणजे जाधवरावांच्याही आधी इथे मोठे देवस्थान होते.

(दृश्य : देऊळगाव राजा, बालाजीची यात्रा)

शेजारच्या देऊळगाव राजाचा बालाजी जाधव घराण्याचाच. यात्रेत सागवानी लाठा, म्हणजे उंच खांब, उभ्या राहतात, मंडप चढतो. हातभार लावायला गर्दी लोटते.

१२ जानेवारीला सिंदखेडला अशीच गर्दी होते. वाड्याच्या दरवाजात माथा टेकवतात, फोटो काढतात आणि गाड्या महामार्गाला लागतात. मोतीतलावही याच गावात आहे. पुढच्या वेळी तिकडेही वळा, आणि बांधाच्या दगडांतून उगवलेली झुडपे कोण काढणार, हे गावात विचारा.