सड्यावरून ध्रुवाकडे

(दृश्य: मुरगाव बंदर, क्रेन, मग वर हेडलँड सडा)

गोव्याच्या पर्यटन नकाशात हा सडा सहसा नसतो. पण खालच्या याच मुरगाव बंदरातून 6 डिसेंबर 1981 रोजी ‘पोलर सर्कल’ जहाज सुटलं आणि डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम 9 जानेवारी 1982 ला अंटार्क्टिकावर पोचली. आज सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकावरच्या दोन्ही भारतीय तळांचा कारभार इथूनच चालतो.

(दृश्य: भारती तळ, बर्फावर अँटेना)

134 मालवाहू कंटेनर जोडून उभारलेलं हे भारती. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात, पण इथे ते अगदी डोक्यावर कधीच येत नाहीत. विषुववृत्ताशी त्यांच्या कक्षांचा कल 55 अंशांचा आणि भारती 69 अंश दक्षिणेला. म्हणजे सिग्नल तिरकाच येतो आणि आयनोस्फिअरमधली त्याची वाट लांबते. सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे केलेला हा थर. त्यातून जाताना सिग्नलला उशीर होतो, मोजमाप काही मीटरांनी चुकतं. पण 1575.42 आणि 1227.60 मेगाहर्ट्झ अशा दोन लहरी ऐकल्या की हा उशीर काढता येतो, कारण कमी वारंवारतेची लहर जास्त रेंगाळते.

तेवढ्यावर भागलं असतं तर जीपीएसचे सिग्नल नोंदणारी यंत्रं इतक्या लांब न्यायची गरजच नव्हती.

(दृश्य: मैत्रीवरचा ऑरोरा, टाइमलॅप्स. इथे निवेदन थोडं थांबावं)

ऑरोराचा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा, हा हिरवा पडदा साधारण शंभर किलोमीटरच्या वर पेटतो. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून इलेक्ट्रॉन खाली कोसळतात, ऑक्सिजनला धडकतात आणि उजेड दिसतो. दिसत नाही ते असं: त्याच धडकेत नवे इलेक्ट्रॉन सुटतात, एके ठिकाणी दाट, शेजारी विरळ. भारतीच्या बाजूला आणखी एक भानगड. दिवसाच्या बाजूचा दाट प्लाझ्मा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांनी भारलेला वायू, ध्रुवावरून रात्रीकडे ओढला जातो, शेकडो किलोमीटर रुंदीचे ठिगळ होऊन, कधीकधी सेकंदाला किलोमीटरच्या वेगाने. त्याच्या कडा फाटतात, फाटलेल्याचे आणखी बारीक तुकडे होतात.

(दृश्य: देवळाची तळी, तळाशी उन्हाची जाळी)

वाऱ्याने पाणी हललं की तळीच्या तळाशी उजेड कुठे गोळा होतो, कुठे पुसला जातो. उपग्रहाच्या लहरीचं त्या तुकड्यांतून येताना तसंच होतं. ध्रुवांकडे तीव्रतेपेक्षा लहरीची कला (फेज, म्हणजे तिच्या चढउताराची वेळ) जास्त डळमळते, आणि कलेवरच बारीक मोजमाप उभं असतं. रिसीव्हरची पकड सुटते. स्थान काढायला चार उपग्रह लागतात. एकाच वेळी दोन-तीन निसटले की हिशेब बिघडू शकतो. दोन लहरींची युक्ती इथे चालत नाही.

मैत्री चुंबकीय अक्षांशाने (म्हणजे चुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने) ऑरोराच्या पट्ट्याच्या काठाला, भारती त्याच्याही पलीकडे, ध्रुवाच्या बाजूला. एकाच देशाचे दोन तळ असे दोन वेगळ्या आभाळांखाली असणं, हे आपल्याकडचं खरं धन. त्याचं कौतुक गोव्यातही फारसं होत नाही!

हा त्रास ध्रुवांपुरता नाही. मे 2024 च्या सौरवादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर उभे राहिले.

(दृश्य: खारीवाडा जेटी, ट्रॉलरमधला जीपीएसचा पडदा)

आपल्या तांडेलांच्या माथ्यावरचं आभाळही शांत नसतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. सूर्यास्तानंतर तिकडून प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात आणि सिग्नल लुकलुकतो. कारण वेगळं, दुखणं तेच.

(दृश्य: मैत्रीची जुनी इमारत)

मैत्री 1989 पासून चालू आहे. सूर्याच्या कमी-जास्त होणाऱ्या सक्रियतेचं एक चक्र साधारण 11 वर्षांचं, आणि एका चक्राच्या नोंदींवरून पुढच्याचा अंदाज बांधणं धोक्याचं. आता मैत्री-2 ची तयारी चालली आहे. सामान हलेल तेव्हा नव्या-जुन्या तळांवरची यंत्रं काही काळ तरी एकत्र चालवायला हवीत, म्हणजे नोंदींचा धागा तुटणार नाही.