कोर्ट नाका, पंचनामा आणि फाशी

मागे आवाज येतोय ना? बरं. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं फाशी, तर ते दोन मिनिटं गप्पच, मग म्हणाले वकीलसाहेब, संक्रांतीचा आठवडा आहे हो, काहीतरी हलकं घ्या. आता तीस वर्षं ठाण्याच्या सेशन्स कोर्टात क्रिमिनल साइडला उभा राहिलेला माणूस हलकं काय बोलणार, तिळगूळ आहे बाहेर, तो जाताना घ्या.

तुमच्यापैकी निम्मे लोक कोर्ट नाक्यावरून रोज जात असतील. जेलची ती दगडी भिंत म्हणजे मुळात ठाण्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, नंतर इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी तिथे तुरुंग केला. माझ्याकडे येणारे ज्युनियर हमखास विचारतात, सर इथे फाशी होते का? आता नाही होत, महाराष्ट्रात फाशी फक्त येरवड्याला आणि नागपूरला. पण पूर्वी व्हायची. २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या राघोजी भांगरेंना इथेच फासावर दिलं. आणि १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या खुनासाठी. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा, म्हणजे आजच्या हिशेबात बारावीतला मुलगा. गंमत बघा, ज्या पोर्तुगिजांनी हा किल्ला बांधला त्यांनी आपल्या देशात साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच बंद केली, म्हणजे कान्हेरेच्या आधी त्रेचाळीस वर्षं.

पण मला त्यातल्या तारखा महत्त्वाच्या वाटतात. जॅक्सनवर गोळी झाडली २१ डिसेंबर १९०९ ला, नाटकाच्या थिएटरात, आणि फाशी झाली १९ एप्रिलला. चार महिनेसुद्धा नाही. आज टीव्हीवर कुणी म्हणतं ना की इंग्रजांच्या काळात कसा झटपट न्याय व्हायचा, तेव्हा मला हे तीन जण आठवतात. झटपट होता, पण कुणासाठी होता?

आता आपल्या जिल्ह्यातलं बोलू, कारण ते टाळून हा विषय होत नाही. ऑगस्ट २०२४, बदलापूर. शाळेत छोट्या मुलींवर अत्याचार झाले आणि २० ऑगस्टला लोक स्टेशनवर रुळावर उतरले, दिवसभर गाड्या बंद, आणि घोषणा एकच, फाशी द्या. माझी सून त्या दिवशी कल्याणला अडकली होती आणि तिचा फोन आला तेव्हा ती वैतागलेली नव्हती, ती म्हणाली बाबा मी इथे नसते अडकले तर तिथेच बसले असते. मला ते शंभर टक्के समजतं. पण लोक त्या दिवशी फाशी मागत होते असं मला वाटत नाही, ते म्हणत होते की आमचा कुणावर विश्वास नाही, शाळेवर नाही, पोलिसांवर नाही, तारीख पे तारीखवर तर नाहीच, आणि हे सगळं एका शब्दात सांगायला फाशी हाच शब्द हाताशी होता. मग २३ सप्टेंबरला तळोजा जेलमधून आणताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत तो आरोपी गोळी लागून मेला. काही ठिकाणी फटाके वाजले, पेढे वाटले. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं गेलं. म्हणजे फाशीपर्यंत जायचीच गरज उरली नाही, पण त्याच्यावरचा खटलाही झाला नाही, आणि त्या शाळेत नक्की काय घडलं हे कोर्टात साक्षीपुराव्याने समोर यायला हवं होतं, त्याच्यापुरतं ते राहूनच गेलं.

इतिहासात फार नाही रमत, थोडक्यात सांगतो. कडेलोट, हत्तीच्या पायी देणं हे आपल्याकडे होतंच, उगाच सोवळं नेसायला नको. घाशीराम कोतवालाला १७९१ मध्ये पुण्यात जमावाने दगडांनी मारलं, तोही एक प्रकारचा न्यायच होता म्हणे. नारायणरावाच्या खुनासाठी रामशास्त्र्यांनी राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ते मात्र सगळ्यांना पाठ असतं, पण राघोबाने ते घेतलं नाही आणि इंग्रजांकडे गेला हे सांगताना आपला आवाज जरा खाली येतो. शिक्षा सांगणारा कितीही थोर असला तरी समोरचा किती मोठा आहे यावर पुढचं ठरतं, हे तेव्हाही होतं.

इंडियन पीनल कोड १८६२ पासून लागू झाला, पण वकिलाच्या नजरेने खरा बदल प्रोसीजरमध्ये आहे आणि तो लोकांना माहीतच नसतो. १८९८ च्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्यात, असं होतं की खुनाला फाशी हाच नियम, जज्जने जन्मठेप दिली तर त्याने कारण लिहायचं की मी फाशी का देत नाहीये. १९५५ मध्ये ते कारण लिहिणं काढून टाकलं. आणि १९७३ च्या नव्या सीआरपीसीत, कलम ३५४ चं पोटकलम तीन, सगळं उलटं झालं, आता जन्मठेप हा नियम आणि फाशी द्यायची असेल तर खास कारणं लिहा. पंचाहत्तर वर्षांत कायदा पूर्ण कूस बदलून झोपला. आंबेडकरांनी तर ३ जून १९४९ लाच घटना समितीत सांगितलं होतं की हा देश अहिंसा मानतो म्हणतो तर फाशी रद्दच करणं योग्य. त्यानंतर पाचेक महिन्यांत, १५ नोव्हेंबरला, अंबाल्याला नथुराम गोडसे आणि नारायण आपटेंना फाशी झाली, आणि ती देऊ नका अशी विनंती करणाऱ्यांमध्ये गांधीजींचे दोन मुलगे होते, मणिलाल आणि रामदास. सरकारने ऐकलं नाही.

मग १९८० चा सुप्रीम कोर्टाचा बचन सिंग निकाल. पाच जज्जांपैकी चौघांनी फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात. पाचवे भगवती, ते म्हणाले की ही शिक्षा मनमानी पद्धतीने दिली जाते म्हणून बसत नाही. दुर्मिळातली दुर्मिळ, ऐकायला छान आहे, पण मोजायची कशी? एका जज्जला जे दुर्मिळ वाटतं ते दुसऱ्याला तसं वाटत नाही, आणि हे मी हवेत बोलत नाहीये, हरबन्स सिंग नावाची केस आहे, प्रत्येक लॉच्या पोराने वाचावी अशी. उत्तर प्रदेशातला खून, चार जणांचा. तीन आरोपी, जिता सिंग, कश्मिरा सिंग, हरबन्स सिंग. तिघांचा गुन्हा एक, वाटा सारखा, तिघांनाही फाशी. तिघांची अपिलं सुप्रीम कोर्टात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या बेंचसमोर गेली. जिताचं फेटाळलं. कश्मिराची जन्मठेप झाली. हरबन्सचं फेटाळलं. ६ ऑक्टोबर १९८१ ला जिताला फाशी झाली, हरबन्सलाही त्याच दिवशी व्हायची होती, पण त्याने पुन्हा अर्ज केला आणि स्टे मिळाला, आणि तेव्हा कोर्टाच्या लक्षात आलं की अरे, कश्मिराला तर फाशीतून आपणच सोडवलंय. हरबन्सची शिक्षा कमी करा अशी शिफारस कोर्टाने राष्ट्रपतींकडे केली. जिताचं काय करणार? काही नाही. त्याची फाईल कुठल्या सोमवारी कुठल्या बेंचसमोर लागली एवढाच त्याचा दोष म्हणायचा का? मी ही केस पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रात्री झोप नव्हती आली, आणि मी काही हळवा माणूस नाहीये, बायकोला विचारा.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. प्रॅक्टिस सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील, एका खुनाच्या केसमध्ये हत्यार जप्तीचा पंच म्हणून एक पानवाला उभा राहिला. त्याचं दुकान पोलीस स्टेशनच्या दारातच, कुठलं स्टेशन ते जाऊ दे. मी उलटतपासात विचारलं, याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात? तो अगदी सरळ मनाने म्हणाला, साहेब मोजल्या नाहीत, दुकान तिथेच आहे ना. अख्खं कोर्ट हसलं, जज्जसाहेबपण हसले. मीही हसलो. घरी येताना एसटीत बसलो तेव्हा हसू गेलं, कारण आरोपी सुटला असता किंवा अडकला असता तर त्या पानवाल्याच्या सहीवर. पंचनामा, कबुली, ओळख परेड, हे सगळं कसं तयार होतं ते मी इतकी वर्षं जवळून बघितलंय. काही तपास अधिकारी फार चांगले होते, त्यांचं नाव घेऊन सांगेन, पण चांगल्या अधिकाऱ्याकडेपण चाळीस फाइली आणि दोन शिपाई. अशा कागदावर जन्मठेप दिली आणि चूक निघाली तर दार उघडून माणूस बाहेर काढता येतो, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी दया माया अहिंसा हे मोठ्या लोकांनी बोलावं.

आणि चूक निघते. नाशिक जिल्ह्यातली २००३ ची केस आहे, एका कुटुंबातल्या पाच जणांचे खून आणि बलात्कार, अत्यंत भयानक गुन्हा, ऐकवत नाही. सहा माणसं पकडली, सगळी भटक्या समाजातली, गरीब. सेशन्सने सहाही जणांना फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांचीही परत फाशी केली. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगितलं की सहाही लटकवा. २०१२ मध्ये ठरलं की त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. अल्पवयीनला फाशी देताच येत नाही आणि हे तीन कोर्टांतून निसटलं! मग २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम केला की फाशीच्या रिव्ह्यू पिटिशन, म्हणजे निकालाचा फेरविचार करा असे अर्ज, खुल्या कोर्टात ऐकायचे, म्हणून ही फाईल पुन्हा उघडली, आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष. निर्दोष, शिक्षा कमी नाही. कारण वाचा काय आहे. वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंच्या फायलीतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्यांचा तपासच केला नाही आणि ही गोष्ट दाबून ठेवली. सोळा वर्षं गेली. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितले. आणि त्या कुटुंबाला खरे खुनी कधी मिळाले? कुणी पकडलेच नाहीत ना. चुकीचा माणूस आत असला की बरोबर माणूस आरामात बाहेर असतो, हे फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पण लक्षात घ्यावं.

लोकलवाल्यांना अजून एक जवळचं. ११ जुलै २००६, वेस्टर्नच्या गाड्यांमधले स्फोट. २०१५ मध्ये स्पेशल कोर्टाने पाच जणांना फाशी दिली आणि सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जणांना सोडलं. सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये आधार म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. फाशीची शिक्षा सुनावलेल्या पाचांपैकी एक २०२१ मध्ये कोव्हिडने जेलमध्येच गेला, त्याला हा निकाल ऐकायलाही मिळाला नाही. ज्यांची माणसं त्या डब्यात गेली त्यांनी एकोणीस वर्षांनी काय घेऊन घरी जायचं?

आता तुम्ही म्हणाल, कसाब? कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी दिली तेव्हा मी गप्प होतो. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं नाही. जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा पुण्यात माझी मावशी राहायची, संध्याकाळी सात वाजता दाराला दोन कड्या लावून बसायचे लोक, आणि १९८३ मध्ये चौघांना फाशी झाली तेव्हा ती म्हणाली सुटलो. मी तिच्याशी कधी वाद घातला नाही आणि आजही घालणार नाही. १९६७ मध्ये लॉ कमिशनने फाशी ठेवा असंच सांगितलं होतं. २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहांच्या कमिशनने म्हटलं दहशतवाद सोडून बाकी बंद करा. तेवढंसुद्धा झालेलं नाही.

आकडे दोनच सांगतो. २००० पासून आजपर्यंत आपल्या देशात प्रत्यक्ष फाशी किती झाल्या माहितीये? आठ. धनंजय चॅटर्जी, कसाब, अफझल गुरू, याकूब मेमन आणि २०२० मध्ये निर्भयाचे चार. आणि फाशीची शिक्षा घेऊन बसलेले कैदी पाचशेच्या वर. दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये ३७३ फाशीच्या कैद्यांचा अभ्यास छापला, त्यात साधारण चारातले तीन आर्थिकदृष्ट्या दुबळे. मला त्यात नवल वाटलं नाही, माझ्या ऑफिसच्या बाकावर कोण बसतं ते मला माहितीये.

प्रश्न घेऊ. हो, काका, तुम्ही बोला. काका विचारतायत, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना, मग सुटून येतो की? नाही. हा आपल्याकडचा सगळ्यात हट्टी गैरसमज. गोपाळ गोडसेच्या केसमध्ये १९६१ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षं हा सरकारने सूट द्यायच्या आधीचा कमीत कमी काळ आहे, तोही सगळ्यांना मिळेलच असं नाही. आणि २००८ पासून कोर्ट असंही लिहू शकतं की याला सूट द्यायचीच नाही, मेला तर आतच. म्हणजे बदलापूरसारख्या केसमध्ये असा माणूस पुन्हा कधीच शाळेच्या आसपास दिसणार नाही याची सोय कायद्यात आजही आहे, त्यासाठी दोरी लागत नाही. पण त्यासाठी आधी खटला उभा राहावा लागतो, साक्षीदार यावे लागतात, आणि पंच म्हणून पानवाला नको.

ताई, तुमचा हात वर होता मघापासून. बोला, माइक द्या त्यांना.