बोर्ड भाड्याचा, बूट स्वतःचे

नमस्कार श्रोतेहो. स्नोबोर्डिंग शिकायचं ठरलं की बरेच जण आधी बोर्ड विकत घेऊन मोकळे होतात. पैसे वाया जातात ते इथेच. शिकाऊ माणसाला मऊ, चुका पोटात घालणारा बोर्ड लागतो. वेग जमू लागला की तोच थरथरतो आणि नकोसा होतो. तेव्हा सुरुवातीला बोर्ड आणि बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला जखडून ठेवणारी पकड, भाड्यानेच घ्या.

विकत घ्यायचेच तर बूट घ्या. भाड्याचे बूट किती पायांनी सैल केलेले असतात कोण जाणे! आत टाच उचलली गेली की पायाचा जोर बोर्डच्या कडेपर्यंत पोहोचत नाही, आणि वळण का बसत नाही हे कळतच नाही. दुकानात मोज्यांचा एकच पातळ लोकरी जोड घाला. बुटाची टाच जमिनीवर आपटून पाय मागे बसवा, मग नाड्या आवळा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकावीत. आता चवड्यांवर उभे राहा. टाच सुटली? मग कितीही स्वस्त असो, तो जोड परत ठेवा. नवा बूट वापराने आणखी सैलच होतो.

हेल्मेट मात्र जुनं घेऊ नका. एका जोरदार आपटीत आतला फोम दबतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मनगटाचे गार्डही घ्याच. नवखा माणूस पडताना हात टेकतो आणि मनगट दुखावतं.

कपड्यांत पाणी न शिरणारी पँट आधी, कारण पहिले दिवस बर्फात बसण्यातच जातात. वर घरातलं फ्लीस आणि रेनकोट चालतो. जीन्स नको, सुती कापड भिजलं की वाळत नाही.

वर नेणाऱ्या लिफ्टचं संपूर्ण डोंगराचं तिकीट कशाला? शिकाऊ उतारापुरतं किंवा अर्ध्या दिवसाचं मिळतं का विचारा. तिकीट, गटातला वर्ग आणि भाड्याचं सामान एकत्र घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी कमी, म्हणजे त्याच पैशात फेऱ्या जास्त. शिक्षकाचे पैसे वाचवून मित्राच्या भरवशावर थेट वर जाऊ नका. मित्र सुसाट खाली जातो, आपण अर्ध्यावर बसून राहतो.

पुढे वापरलेला बोर्ड घ्यायचा झाला तर मोसम संपताना शोधा. तळावरचे बारीक ओरखडे चालतील. पण लाकडापर्यंत गेलेली खोक, तडकलेली पोलादी कड किंवा सुटलेले थर दिसले तर नको म्हणा. शिवाय बाइंडिंगचा एक स्क्रू सोबत न्या आणि बोर्डच्या प्रत्येक भोकात हाताने फिरवून पाहा. आटे झिजलेले असतील तर तो कुठेतरी नुसताच फिरत राहील.